लेखांक ४ : आयसीयूतल्या परिचारिका नोकरी का सोडतात

अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे एक, फार तर दोन रुग्ण असावेत, असा संकेत आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा ठेवणे, रक्तदाब टिकवणाऱ्या औषधाचा वेग सतत कमीजास्त करणे, तासातासाला लघवी मोजणे, रुग्णाची कूस बदलणे ही कामे तिलाच करावी लागतात. तिसरा रुग्ण वाट्याला आला की यातले काहीतरी राहून जाते, आणि काय राहिले हे तिला पक्के ठाऊक असते. ड्युटी संपल्यावरही ती रुखरुख तिच्याबरोबर घरी जाते.

या अवस्थेला ‘बर्नआउट’ हे नाव मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये दिले. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन बाजू तपासल्या जातात : भावनिक शोष, रुग्णाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही ही भावना. यांतला कोरडेपणा सर्वांत घातक, कारण मग समोरचा माणूस दिसेनासा होतो आणि फक्त ‘बेड नंबर सात’ उरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न मानता कामाच्या जागी निर्माण होणारी स्थिती म्हटले. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण तो दोष परिचारिकेच्या स्वभावावरून काढून कामाच्या व्यवस्थेवर ठेवतो.

लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्वेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त आढळली. मृत्यूचा आकडा शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरून काढलेला असला, तरी रुग्ण जितका गंभीर तितकी अपुऱ्या मनुष्यबळाची किंमत मोठी, हे उघड आहे.

पण प्रश्न केवळ संख्येचा नाही. ज्या रुग्णाच्या बरे होण्याची आशा उरलेली नाही, त्याच्यावर वेदनादायी उपचार चालू असतात. डॉक्टर राउंडला येऊन जातात. पाळीभर रुग्णाजवळ परिचारिका असते. नळ्या तिने घालायच्या, नातेवाइकांचे प्रश्न तिने झेलायचे, पण निर्णयाच्या बैठकीत तिला खुर्ची नसते. योग्य काय ते कळते, पण करता येत नाही. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये या घुसमटीला ‘नैतिक क्लेश’ म्हटले. सुट्टी, योगवर्ग, समुपदेशन यांनी अंगाचा शीण जाईल. ही घुसमट जाणार नाही.

उलट उदाहरणेही आहेत. परिचारिकांची टंचाई असतानाही काही रुग्णालयांतून त्या फारशा सोडून जात नाहीत, असे अमेरिकेत दिसले होते. १९८३ मधल्या पाहणीत अशी ४१ रुग्णालये निवडली गेली. परिचारिकांना धरून ठेवणाऱ्या अशा रुग्णालयांसाठी ‘मॅग्नेट’ (चुंबक) हे नाव तिथूनच रूढ झाले. निर्णयांत परिचारिकांचा सहभाग, डॉक्टरांशी बरोबरीचे नाते आणि परिचारिकांची बाजू घेणारे नेतृत्व ही या रुग्णालयांची वैशिष्ट्ये होती.

अनुभवी परिचारिका गेली की तिची जागा नवी मुलगी लगेच भरून काढू शकत नाही. तिला शिकवायला कित्येक महिने लागतात, आणि शिकवणारीकडे स्वतःचे रुग्णही असतातच. भार वाढतो, आणखी कोणीतरी राजीनामा देते. हे चक्र आपोआप तुटत नाही; ते कायद्याने किंवा एकजुटीने तोडावे लागते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून सर्वच विभागांत परिचारिकेमागे किती रुग्ण, याची मर्यादा लागू केली. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२३ मध्ये दोन मोठ्या रुग्णालयांतल्या सुमारे सात हजार परिचारिकांनी तीन दिवस संप केला. त्यांची मुख्य मागणी पुरेशा मनुष्यबळाची होती आणि समझोत्यात ती मान्य झाली.