आराखडा गावाचा, विचारले कोणाला?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भंडारा जिल्ह्यातले एक गाव माझ्या कामाच्या टापूत होते. गावाला जुना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. धानाला पाणी मिळावे म्हणून आपल्याकडच्या कोहळी शेतकऱ्यांनी असे कितीतरी तलाव बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांत गाळ साचत राहिला.

त्या गावच्या आराखड्यात ‘तलाव खोलीकरण’ हे काम घेतले. सभेला माणसे वीस-बावीस. बाकीच्यांच्या सह्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरून घेतल्या. मी त्या सभेत बसलो होतो आणि गप्प राहिलो.

उन्हाळ्यात यंत्र लागले, तलाव मधोमध खोल खणला. पावसाळ्यात तो भरला आणि गाव खूश झाले. पण धान पोटरीवर आला आणि पावसाने दडी मारली. पाणी सोडायची मोरी होती गळकी. मोरीच्या वरचे पाणी केव्हाच गळून गेले होते आणि खालचे पाटात चढेना. शेपटाकडच्या बांध्या भेगाळल्या. तलावात मासे धरणारे एक वृद्ध ढिवर बांधव मला म्हणाले, “सायेब, इचारले असते त सांगतलो असतो. मोरी आधी दुरुस्त करा लागत होती.”

त्यांना कोणी विचारलेच नव्हते. शेपटाकडचे शेतकरी सभेला आले नव्हते. पैसा खर्च झाला आणि पीक गेले.

आता कायदा काय सांगतो ते पाहा. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य आहे. आपल्या राज्यात नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. १४ व्या वित्त आयोगाच्या काळात, २०१५ नंतर, निधी थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने आराखडे होऊ लागले. म्हणजे पैसाही आला आणि अधिकारही आला. उणीव राहिली ती विचारण्याची.

तेव्हा आराखड्याच्या वेळी एवढे कराच.

आधी शिवारफेरी काढा. तलावाची पाळ, मोरी, सांडवा आणि पाटाचे शेवटचे टोक पायी पाहा. ज्याचे शेत शेवटी आहे त्याला सोबत घ्या. कागदावर न दिसणारी अडचण तिथे दिसते.

सभेची वेळ माणसांच्या सोयीने ठरवा. रोवणीत किंवा धान कापणीत दुपारी सभा ठेवली तर बाया आणि मजूर येणार कसे? वस्ती-वस्तीवर, टोलीवर, रात्री जेवणानंतर बसा. दवंडी द्या, वेळ चार दिवस आधी सांगा.

विचारताना ‘काय पाहिजे?’ एवढेच विचारू नका. त्याला उत्तर ठरलेले: रस्ता नाहीतर सभामंडप. ‘गेल्या वर्षी कशाने नुकसान झाले? पाणी कुठे अडते? कोणाला लांबून भरावे लागते?’ असे विचारा. बाया पाण्याचे सांगतील, ढिवर तलावाचे सांगतील, गुराखी चराईचे सांगतील.

प्रत्येक सूचना वहीत लिहा आणि सभेत मोठ्याने वाचून दाखवा. जी घेतली नाही तिचे कारणही तिथेच सांगा. कारण कळले की माणूस पुढच्या सभेला येतो. नाही कळले तर म्हणतो, ‘आपले कोण ऐकते?’ आणि घरी बसतो.

कोरी सही मात्र करू नका. काम वाचल्याशिवाय केलेली सही म्हणजे धुरा न पाहता विकत घेतलेली बांधी.

त्या गावाने पुढच्या आराखड्यात मोरीची दुरुस्ती घेतली. त्या बैठकीला ते वृद्ध ढिवर बांधव पुढच्या रांगेत बसले होते. मी या वेळी पहिला प्रश्न त्यांनाच विचारला.

तुमच्या गावच्या सभेची दवंडी ऐकू आली की घरातील एकाने तरी जा. जमले तर दोघांनी जा, आणि बोला.