शिकाऊ उमेदवार आणि आगगाडीचे चाक

‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. परंतु या शब्दाचा एक जुना अर्थ कारखान्यात आणि कचेरीत अजूनही टिकून आहे. एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली, अल्प वेतनावर काम शिकत राहणे म्हणजे उमेदवारी करणे. या शब्दाच्या पोटात ‘उमेद’ आहे, आणि ती दोन्ही बाजूंची आहे. शिकणाऱ्याला आशा असते की आज अवजारे हाती देणारा आपण उद्या ती स्वतः चालवू. शिकविणाऱ्याला आशा असते की आपण निघून गेल्यावर आपले काम अडणार नाही. ही दुहेरी आशा आधुनिक कारखान्यात कशी जोपासावी लागते, हे समजून घेण्यास बंगळूरच्या उत्तरेकडील येलहंका येथील रेल्वेच्या चाक कारखान्याचे उदाहरण उपयोगी पडेल.

येलहंका हे बंगळूर वसविणाऱ्या केंपेगौडांच्या घराण्याचे जुने ठाणे. तेथे १९८४ साली भारतीय रेल्वेने चाके आणि आस तयार करण्याचा कारखाना सुरू केला. त्यापूर्वी देशाची गरज येथील पोलाद कारखान्यांच्या उत्पादनाने पुरी होत नसे. पुष्कळशी चाके व आस परदेशांतून आणावे लागत. येलहंक्यास चाक ओतण्याची पद्धत अमेरिकेतून आली आणि आस घडविण्याचे यंत्र ऑस्ट्रियातून आले. यंत्र विकत घेता येते, पद्धतही करार करून मिळविता येते. परंतु ती राबविणारे हात मात्र येथेच तयार करावे लागले.

हे काम कशा प्रकारचे आहे? रेल्वेचेच मोडीत निघालेले पोलाद, त्यात जुनी चाके व आसही आले, विजेच्या भट्टीत वितळविले जाते. वितळलेल्या रसाचे पात्र बंद टाकीत ठेवतात आणि हवेच्या दाबाने तो रस एका नळीतून वर चढवून ग्रॅफाइटच्या साच्यात खालून भरतात. वरून ओतला तर रस उसळतो व त्यात हवा आणि मळ अडकतो. खालून शांतपणे चढला तर चाक निर्दोष होण्याची शक्यता वाढते. मग चाक पुन्हा तापवून त्याचा रुळावर फिरणारा काठ, म्हणजे बैलगाडीच्या भाषेत धाव, पाण्याच्या फवाऱ्याने झपाट्याने थंड केला जातो. त्यामुळे धाव कठीण होते आणि तिच्यात असा अंतर्गत दाब राहतो की तडा सहसा पसरू शकत नाही. शेवटी चुंबकीय आणि श्राव्यातीत ध्वनीच्या कसोट्या लावून आतील व्यंगे शोधली जातात. एवढी काळजी घ्यावी लागते, कारण डोळ्यांस न दिसणारी एक भेग पुढे धावत्या गाडीखाली उघडी पडू शकते.

यातील बरेचसे ज्ञान पुस्तकात लिहिता येते. रसाचे तपमान उपकरण सांगते, त्याचे घटक प्रयोगशाळा सांगते. परंतु भट्टीवरच्या अनुभवी माणसाला विजेच्या कमानीचा आवाज बदलताच आत काय चालले आहे ते उमगते. वर आलेल्या मळीचा रंग पाहून तो पुढचा अंदाज बांधतो. चाक आसावर दाबून बसविताना आलेखाची रेषा किंचित वेडीवाकडी गेली, तर जाणता कारागीर थबकतो. नवखा मनुष्य आकडा मर्यादेत आहे एवढेच पाहून पुढे जातो. हा फरक वर्गात शिकविता येत नाही. त्यासाठी नवख्याने जाणत्याशेजारी उभे राहिले पाहिजे आणि जाणत्याने त्याला ‘मी का थांबलो’ हे सांगितले पाहिजे.

या शिक्षणाला कायद्याची चौकटही आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ साली झाला. त्यानुसार कारखान्यांना उमेदवार घ्यावे लागतात, त्यांना विद्यावेतन द्यावे लागते आणि अखेरीस परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. येलहंक्याच्या कारखान्यातही फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन अशा शाखांतून उमेदवार घेतले जातात. मात्र उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन हा कायदा मालकावर सरसकट घालीत नाही. म्हणून उमेदवाराच्या मनात उमेदीबरोबर धास्तीही असते. ज्याला नोकरी लाभते, त्याच्यापुढे रेल्वेत एक शिडी असते. खालच्या श्रेणीतून वर चढताना कारागिराला आपले कसब प्रत्यक्ष काम करून सिद्ध करावे लागते, आणि पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन पर्यवेक्षकाच्या जागेपर्यंतही जाता येते.

महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविण्याचे काम केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला. तेथे तयार कारागीर कोठून मिळणार? शेतावर राबणारी आसपासची माणसेच हाताशी धरून त्यांना ओतकाम आणि यंत्रकाम शिकवावे लागले. लोखंडी नांगरांबरोबर किर्लोस्करवाडीने कारागीरही घडविले.

येलहंक्यापुढील आजचा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथे आरंभी माणसे तयार करावयाची होती; आता तयार माणसांचे ज्ञान राखावयाचे आहे. १९८४ साली चोविसाव्या वर्षी कामावर लागलेला मनुष्य २०२० साली साठ वर्षांचा होऊन निवृत्त झाला. पहिली चाके ओतणारी पिढी अशा रीतीने एकामागून एक बाहेर पडली. निरोपसमारंभात हार घातला जातो, भाषणे होतात. पण त्या माणसाच्या जागी येणारा जर त्याच्या निवृत्तीनंतरच रुजू झाला, तर दोघांची गाठ कधी पडलीच नाही, आणि छत्तीस वर्षांचा अनुभव फाटकाबाहेर निघून गेला.

यावरचा उपाय खर्चाचा असला तरी अवघड नाही. जाणारा आणि येणारा यांनी काही महिने एकाच पाळीत काम करावे. शिकविण्यासाठी जुन्या कारागिराला वेळ मिळावा, आणि त्याचे उत्पादन त्या काळात थोडे घटले तर तो दोष मानू नये. उमेदवाराला केवळ झाडलोट व उचलठेव न देता, चुकता येईल असे काम द्यावे आणि ती चूक कोठे झाली हे त्याच्याकडूनच काढून घ्यावे. शिकविणाऱ्याच्या बढतीचा विचार होताना त्याने किती जणांना तयार केले हेही पाहावे. नाहीतर ‘शिकवून आपलीच किंमत कमी होते’ ही जुनी भीती त्याला गप्प बसवील.

जुने चाक भट्टीत घालून नवे करता येते, कारण त्यातील पोलाद कारखान्याच्या आवारातच असते. माणसाचे कसब तसे साठवून ठेवता येत नाही. तो कामावर आहे तोवरच ते दुसऱ्याच्या हाती उतरले पाहिजे.