भाग २३: जुनं सागवान घरी आणलंय? आधी वजनकाटा, मग करवत

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

सध्या मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. गावचं घर उतरवलं, तुळया आणि दारं उरलीत, भंगारवाला मागतोय, देऊन टाकू का? माझं उत्तर सरळ आहे: घाई करू नका. सोमवार ते शुक्रवार मी कोड लिहितो आणि शनिवार-रविवार रंधा मारतो. एवढ्या अनुभवावर सांगतो, जुन्या घरातल्या सागवानासारखं लाकूड आज नवीन घ्यायला गेलात, तर खिसा रिकामा होतो.

"जुनं म्हणजे वाळलेलंच ना?"

अर्धवट खरं. लाकूड कितीही जुनं असो, ते हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेत ८०% आर्द्रता असेल, तर लाकडात साधारण १६% पाणी मुरतं. आर्द्रता ४०% वर आली की लाकूड ७-८ टक्क्यांवर येतं. म्हणजे कोकणातल्या पडवीत पावसाळा काढलेली फळी तुम्ही पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात किंवा एसीच्या खोलीत आणलीत, की ती आकसणारच.

किती? लांबीत जवळजवळ काहीच नाही, सगळा खेळ रुंदीत. सागवानाची ३० सेंटिमीटर रुंद फळी १६ वरून ८ टक्क्यांवर आली, तर साधारण ४ मिलिमीटरने कमी होते. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी एवढं. चारही बाजूंनी घट्ट स्क्रू मारले असतील, तर फळी मधोमध तडकते.

मीटर नसेल तर

फळीवर खडूने नंबर टाका आणि सामान तोलायच्या काट्याने दर रविवारी वजन करा. मोबाइलमध्ये नोंद ठेवा. सलग तीन आठवडे वजन हललं नाही, की फळी तुमच्या खोलीला सरावली असं समजा.

नेमका आकडा हवाय? फळीच्या टोकाचा नको, आतल्या भागाचा छोटा तुकडा कापा. तोला, १०३ अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा आणि वजन स्थिर झालं की परत तोला. आधी ११२ ग्रॅम, नंतर १०० ग्रॅम भरलं, तर ओलावा १२%. भागायचं ते कोरड्या वजनाने. आणि रंग लागलेला तुकडा खाण्याच्या ओव्हनमध्ये अजिबात नको.

वाळवायचं कसं

उन्हात नाही! वरची बाजू भराभर वाळते, आतली ओलीच राहते आणि चिरा पडतात. सावलीत, वारं खेळेल अशा जागी, जमिनीपासून उचलून रचा. दोन फळ्यांमध्ये दर दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवा. या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत हव्यात, नाहीतर फळ्या वाकतात. टोकांतून पाणी सगळ्यात जलद निघतं, म्हणून टोकांना मेण किंवा जाड रंग लावा. वरून थोडं वजन ठेवा.

रचताना बारीक भोकं बघा. खाली ताजी भुकटी पडत असेल, तर किडा अजून आत आहे. ती फळी वेगळी काढा.

करवतीआधी दोन गोष्टी

एक, खिळे. डोक्याचा खिळा दिसतो, आत तुटलेला दिसत नाही. ताकदवान चुंबक फळीवरून फिरवा, काळे डाग नीट तपासा. मशीनच्या पात्याला खिळा लागला, तर तुकडा डोळ्यात उडू शकतो.

दोन, जुना रंग. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं असं धरूनच चाला. कोरडा घासू नका, हीट गनने जाळू नका. ओला करून खरवडा आणि लहान मुलांना लांब ठेवा. नुसत्या लाकडाची धूळही कॅन्सरकारक गटात मोडते, त्यामुळे चांगला मास्क हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल चालणार नाही.

काम करताना

सागवानात सिलिका असते, त्यामुळे रंध्याची आणि पटाशीची धार लवकर जाते. मध्ये मध्ये धार लावत राहा. लाकूड तेलकट असल्याने डिंक नीट धरत नाही. ताजा रंधा मारला की लगेच चिकटवा, किंवा खिडकी उघडी ठेवून आधी ॲसिटोनने पुसून घ्या.

टेबलाचा माथा बसवताना स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे फळीला सरकायला जागा मिळते. जुनी दारं नीट बघा: मधली फळी चौकटीच्या खाचेत सैल बसवलेली असते, चिकटवलेली नसते. आपल्या सुतारांना हे गणित कधीचंच माहीत होतं.

पहिल्याच फटक्यात डायनिंग टेबलाला हात घालू नका. एका फळीचा पाट करा. हात बसेल, लाकूड कळेल.

पुढच्या भागात पटाशीची धार. तोवर दर रविवारी वजन करत राहा!