जुनी मोठी गाडी घेतली, आता पुढे काय?

बोरी अरबमध्ये गाडीवर व्याख्यान म्हटल्यावर ट्रॅक्टरवरच बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण मघाशी बाहेर दोन मोठ्या सेडान उभ्या दिसल्या, दोन्हीवर पुण्या-मुंबईकडचे नंबर. म्हणजे विषय चुकला नाही.

दहा वर्षांपूर्वी जिला ४० लाख मोजावे लागायचे, ती गाडी आज नव्या साध्या गाडीच्या भावात दारात येते. पण उतरली ती गाडीची किंमत, सुट्या भागांची नाही. तिचा वॉटर पंप आजही ४० लाखांच्या गाडीचाच पंप आहे. म्हणून सगळे पैसे खरेदीत घालू नका. किमतीच्या पंधरा-वीस टक्के रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. हा माझा अंदाज आहे, नियम नव्हे.

लोक पहिल्यांदा काय विचारतात? 'किती चालली?' विचारायचं हे की किती वर्षं झाली, आणि कागद आहेत का. शहरात ४० हजार किलोमीटर चाललेली गाडी सिग्नलला तासन्‌तास उभ्यानं धडधडलेली असते. मीटरवर ते दिसत नाही. सर्व्हिसची बिलं नसतील तर ऑइल बदललंच नाही असं समजा आणि घरी आणल्यावर लगेच बदला. ऑइलच्या डब्यावरचा नुसता 'पाच डब्ल्यू तीस' हा आकडा पाहून भागत नाही. गाडीच्या पुस्तकात कंपनीचं मान्यता-चिन्ह दिलेलं असतं, तेच डब्यावर हवं. पुढे १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते.

स्कॅनरही लावून घ्या. पण एक गंमत सांगतो. विकणारा आदल्या दिवशी सगळे एरर पुसून ठेवू शकतो, मग स्कॅनर म्हणतो सगळं छान! म्हणून दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा लावा. जे परत उगवतं, तो खरा आजार.

आता गिअरबॉक्स. इथे जरा थांबतो, कारण इथे मी स्वतः पैसे घातलेत. मला सांगितलं गेलं होतं, 'भाऊ, याचं ऑइल लाइफटाइम आहे, हात लावू नका.' मी लावला नाही. पुढे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके द्यायला लागली, आणि बिल आलं तेव्हा कळलं की लाइफटाइम कोणाचं ते मी विचारलंच नव्हतं. बीएमडब्ल्यू, जग्वार, अनेक ऑडी गाड्यांत झेडएफ या जर्मन कंपनीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतात. ती कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान, फार तर आठ वर्षांत, ऑइल बदला म्हणते. गिअरबॉक्स बनवणारा म्हणतो बदला, तर आपण का नाही म्हणायचं? मात्र ऑइल त्यालाच चालणारं हवं, आणि भरताना ठरलेल्या तापमानाला पातळी तपासावी लागते. हे ज्याला माहीत आहे त्याच्याकडेच गाडी न्या, मग यवतमाळ सोडून अमरावती-नागपूरला जावं लागलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. या गाड्यांत कूलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांचे जोड बरेचसे प्लास्टिकचे असतात. आठ-दहा वर्षांत ते कडक होतात आणि एक दिवस तडकतात. ते फुटायची वाट पाहू नका, उन्हाळ्याआधी तपासून घ्या. कूलंट कमी दिसलं की आपल्याकडे बोअरचं पाणी ओततात. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, केटलीत बसतात तसे. पुस्तकात सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, एवढंच घाला. काटा लाल रेषेकडे गेला तर गाडी थांबवा, आणि गरम असताना झाकण उघडू नका.

'उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी' हे किती जणांनी ऐकलंय? (हात वर होतात.) उलट आहे बरं. हवा कमी असली की टायरची भिंत जास्त दुमडते, जास्त तापते, आणि फुटते. दाराच्या चौकटीवर किंवा डिझेल टाकीच्या झाकणाआड लिहिलंय तेवढी हवा, सकाळी टायर थंड असताना भरा. टायरच्या कडेवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी जुनं रबर ते जुनंच. कारंजाला समृद्धीवर चढून १२० च्या वेगानं नागपूर गाठायचं असेल, तर आधी हे चार आकडे वाचा.

कित्येक मोठ्या गाड्यांत स्टेपनीच नसते. रन-फ्लॅट टायर असतात, ते हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ८० च्या आत वेगानं चालतात. आपल्याकडे पंक्चरवाला तो टायर हातात घ्यायला तयार नसतो. तेव्हा छोटा कंप्रेसर डिकीत ठेवा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल ओढतं. एअर फिल्टर पुस्तकापेक्षा लवकर बदला. काळ्या मातीची धूळ जर्मन इंजिनियरनं कुठं पाहिलीय?

आणि उंदीर! हसू नका. कापूस, सोयाबीन साठवलेल्या घराशेजारी महिनाभर गाडी झाकून ठेवली की वायरी कुरतडल्याच म्हणून समजा. वायरिंगचा एक गठ्ठा किती महाग पडतो ते विचारून बघा. आठवड्यातून एकदा बोनेट उघडा आणि गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. डिझेल असेल तर धुराचा फिल्टरही त्यानं मोकळा राहतो.

पुराच्या पाण्याबद्दल चिठ्ठी आली आहे. नाल्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. पाणी हवेच्या वाटेनं इंजिनात गेलं आणि गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, आतला रॉड वाकतो. ढकलून बाजूला घ्या आणि टो करून न्या.