सगळ्यांची टपाल-कला

टपाल-कलेचा इतिहास न्यूयॉर्कच्या रे जॉन्सनपासून सांगायची रीत आहे. तो मान त्याचाच. कोलाज, कात्रणं, अर्धवट रेखाटनं तो ओळखीच्यांना पोस्टाने धाडायचा आणि सोबत लिहायचा, ‘भर घालून परत पाठवा’. १९७०मध्ये व्हिटनी म्युझियमने या देवाणघेवाणीतून जमलेल्या त्याच्या पत्रमंडळाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा भिंतींवर लागलं ते इतरांनी पाठवलेलं साहित्य.

मला अधिक मोलाचं वाटतं ते जपानच्या मिएको शिओमी यांचं ‘अवकाश-काव्य’. १९६५मध्ये त्यांनी देशोदेशी पत्रं पाठवली : एक शब्द लिहा, तो कुठेतरी ठेवा, आणि शब्द व जागा मला कळवा. आलेली उत्तरं बारीक निशाणांवर छापून त्यांनी जगाच्या नकाशावर टोचली. पुढच्या एका खेपेला सूचना होती, काहीतरी मुद्दाम खाली पडू द्या. त्या उत्तरांचं कॅलेंडर झालं. दहा वर्षांत अशी नऊ आवर्तनं झाली. कधीही न भेटलेल्या माणसांनी मिळून एक कलाकृती रचली, आणि तिच्यात कुणी प्रमुख, कुणी दुय्यम असं नव्हतं.

हळूहळू टपाल-कलेच्या जगाचे रिवाज ठरले. निवडसमिती नाही, प्रवेशशुल्क नाही, काम परत मिळणार नाही. येईल ते सगळं मांडायचं आणि सहभागींची यादी प्रत्येकाला पाठवायची. १९८४मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेस या कलासंस्थेतल्या टपाल-कलेच्या प्रदर्शनात निवड झाली, तेव्हा टपाल-कलावंत खवळले. त्यांचा राग मला रास्त वाटतो. निवड न करण्याला टीकाकार ढिलाई म्हणतात; पण घरच्या टेबलावर चिकटवाचिकटवी करणारा हौशी माणूस नामवंताच्या शेजारी येतो तो त्यामुळेच. ओसाकाचे र्‍योसुके कोहेन १९८५पासून लोकांनी पाठवलेले शिक्के, स्टिकर, चित्रं एकाच कागदावर छापून भाग घेणाऱ्यांना पाठवत आले, तेही याच रिवाजाने.

या कलेचा खरा कस लागला तो दक्षिण अमेरिकेत. १९७६मध्ये ब्राझीलच्या रेसिफेत पाउलो ब्रुस्की यांनी भरवलेलं टपाल-कलेचं प्रदर्शन पोलिसांनी बंद पाडलं आणि त्यांना अटक केली. त्याच वर्षी अर्जेंटिनात टपाल-कलावंत एदगार्दो आंतोनियो विगो यांचा मुलगा पालोमो याला लष्करी राजवटीने उचलून नेलं. तो पुन्हा दिसला नाही. बापाने त्याच्या सुटकेची मागणी करणारी तिकिटं स्वतः बनवली आणि पाकिटांवरून जगभर धाडली. सरकारी शिक्क्याच्या शेजारी सरकारवरचा आरोप, आणि तो पोचवणार सरकारचंच टपालखातं!

१९७७मध्ये उरुग्वेचे टपाल-कलावंत क्लेमेंते पादिन आणि होर्हे काराबायो यांना लष्कराच्या बदनामीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. तेव्हा देशोदेशीच्या टपाल-कलावंतांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रमोहीम उघडली. यातल्या बहुतेकांनी पादिन यांना पाहिलंही नव्हतं. ओळख होती ती हस्ताक्षराची आणि पत्त्याची. १९७९मध्ये पादिन सुटले, तरी १९८४पर्यंत त्यांच्यावर पाळत होती. पुढे त्यांनी पुन्हा पाकिटं पाठवायला घेतली.