जगत्‌शेठांची पेढी

मुर्शिदाबादच्या जगत्‌शेठांचे नाव आपल्या समाजात अभिमानाने घेतले जाते. परंतु ती पेढी बुडाली कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. या ओसवाल घराण्यातील फत्तेचंदांस १७२३ साली बादशहाकडून ‘जगत्‌शेठ’ हा किताब मिळाला. बंगालचा वसूल त्यांच्या हुंडीने दिल्लीस जाई. मोठी मिळकत मात्र टाकसाळीची. रुपया जुना झाला की त्यावर बट्टा बसे. तो बट्ट्याने घ्यावयाचा, नवा सिक्का पाडावयाचा व पुरत्या मोलाने द्यावयाचा! १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने कोठी लुटली (लुटणारे आपलेच मराठी, हेही नमूद केले पाहिजे), तरी पेढी उभी राहिली. कारण पत शाबूत होती.

१७५७ साली त्यांनी नवाबाविरुद्ध इंग्रजांस साथ दिली. १७६३ साली मीर कासिमाने फत्तेचंदांचे नातू महताबराय व स्वरूपचंद यांस ठार मारविले. १७६५ साली दिवाणी कंपनीकडे गेली, १७७२ साली खजिना कलकत्त्यास हलला, आणि पेढीचे मुख्य कामच संपले. आम्हीही धान्याच्या व्यापारात एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर विसंबलो होतो. त्याने खरेदी थांबविली, त्या दिवाळीस वहीपूजन झाले ते उसन्या पैशाने.