घाटाचा रस्ता कोण राखतो?

कऱ्हाडाहून चिपळुणास जाणारा रस्ता आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. कोयनेच्या काठाकाठाने पाटण, पुढे कोयनानगर-हेळवाकचा परिसर आणि तेथून कुंभार्ली घाट उतरला की वाशिष्ठीचे खोरे. सारे अंतर सुमारे १०० किलोमीटर. गुहागर ते विजापूर या लांब रस्त्याचा हा एक भाग. कऱ्हाडास पुणे-मिरज लोहमार्ग आहे. १९९८ साली पुऱ्या झालेल्या कोकण रेल्वेचे स्थानक चिपळुणात आहे. पण या दोहोंना जोडणारा लोहमार्ग अद्याप नाही. तेव्हा देशावरचा गूळ नि भाजीपाला खाली जायचा आणि कोकणची मासळी, नारळ, आंबा वर यायचा, तो याच वाटेने. कोयनेचे पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटातून पोफळीस उतरते, वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीस मिळते. पाण्याला बोगदा मिळाला. माणसाला मात्र अजून घाटच चढावा-उतरावा लागतो.

हा घाट कोण राखतो, असे विचारले तर कोणी इंजिनिअरांचे नाव घेईल, कोणी सरकारचे. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. ती का, हे समजण्यासाठी घाटाचा रस्ता कसा असतो ते आधी पाहू.

सह्याद्री हा लाव्ह्याचे थरांवर थर साचून झालेला डोंगर. कठीण काळा पाषाण, त्यावर सच्छिद्र, ठिसूळ खडक, मध्येच तांबड्या मातीचा एखादा पट्टा. घाट काढताना हे सारे थर छेदले जातात. रस्त्याच्या एका अंगाला तासलेली दरड आणि दुसऱ्या अंगाला दरीवर टाकलेला भराव. त्यावर पाऊस किती? कोयनानगरास वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या आसपास. कऱ्हाडास त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाही पडत नाही.

हे पाणी दरडीवरून उतरते, आतल्या अंगाच्या गटारात पडते, गटारातून मोरीशी जाते आणि मोरीतून रस्त्याखालून दरीत निघून जाते. रस्त्याचे सारे आरोग्य या एवढ्या प्रवासावर अवलंबून आहे. पालापाचोळा, फांद्या, दगडगोटे यांनी मोरीचे तोंड बुजले की पाणी रस्त्यावर चढते, पलीकडच्या भरावाची कड खाते आणि डांबराखालच्या खडीत मुरते. वरून भरलेला ट्रक गेला की खडी हलते, डांबर सुटते, खड्डा पडतो. त्याही पुढे भराव खचतो आणि अर्धा रस्ता दरीत जातो. वर्तमानपत्रात 'घाट बंद' अशी बातमी येते. मोरी बुजली, ही बातमी कधीच येत नाही.

ती मोरी उघडी ठेवणारा माणूस म्हणजे मैलकामगार. फावडे, पहार, घमेले ही त्याची हत्यारे. नेमून दिलेला रस्त्याचा तुकडा हे त्याचे कार्यक्षेत्र. कोणत्या वळणावर झरा फुटतो, कोणती दरड पहिल्या पावसात माती सोडते, हे त्याला ठाऊक असते. ते कोणत्याही नकाशावर नसते. आम्ही संघटनेच्या कामासाठी अशा माणसांबरोबर पुष्कळ चाललो; रस्ता वाचायला त्यांनीच आम्हांस शिकविले.

ही माणसे वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबत. १९६७ च्या कालेलकर तडजोडीने सलग पाच वर्षे काम केलेल्यांना रूपांतरित अस्थायी आस्थापनेवर घेण्याचा मार्ग मोकळा झाला. नाव अवघड आहे, अर्थ सोपा. उद्याही कामावर यायचे आहे, ही खात्री माणसाला मिळाली. ज्याला उद्याची खात्री असते, तोच पुढच्या पावसाळ्याचा विचार करतो.

आज निवृत्त झालेल्यांच्या जागा पुष्कळ ठिकाणी भरल्या जात नाहीत. काम कंत्राटाने दिले जाते. यंत्राला आमचा विरोध नाही. कोसळलेली दरड उपसायला टोळीला दोन दिवस लागत, ते काम यंत्र काही तासांत करते, आणि माणसाचा जीव त्या दरडीखाली जात नाही, हे भले आहे. परंतु यंत्र दरड कोसळल्यावर येते. ती कोसळण्यापूर्वी मोरीत वाकून पाहणारा कोणी तरी लागतोच. आमच्या माहितीतल्या एका घाटात अशीच एक जागा दोन वर्षे रिकामी राहिली. तिसऱ्या पावसाळ्यात त्याच तुकड्यातला भराव खचला. दुरुस्तीला जो पैसा गेला, त्यात त्या माणसाचा कित्येक वर्षांचा पगार निघाला असता.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण पुरात बुडाले आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात दरडी कोसळून माणसे गाडली गेली. एवढ्या पावसापुढे एका फावड्याचे काही चालत नाही, हे आम्ही जाणतो. पण दरवर्षीचा पाऊस तसा नसतो. आणि रस्ता बहुधा दरवर्षीच्याच पावसाने मरतो.

ही व्याख्याने ज्या चैत्र-वैशाखात होतात, तोच काळ गटारे उपसण्याचा. सुट्टीत घाट उतराल तेव्हा एखाद्या मोरीपाशी गाडी थांबवून तिचे तोंड पाहा. ते मोकळे असेल तर तेथे कोणी तरी राबून गेला आहे असे समजा. बुजलेले असेल तर परत आल्यावर बांधकाम खात्यास एक पत्र लिहा, आणि त्यात एवढेच विचारा: या तुकड्यावर माणूस आहे काय?